ओली चादर

“तुमचं गाव कोनतं वो, सिस्टर?” दुर्पताबाईने एवढंच विचारलं होतं. पोरीच्या उशाशी बसून पदराने तिच्या मानेवरचा घाम टिपता टिपता, गप्प बसवत नाही म्हणून. या मुलखात माणूस भेटला की आधी गाव विचारतात. नाव मागाहून, आजार त्याच्याही मागाहून. पण सलाईनची चकती फिरवणारं रीताचं बोट थांबलं, आणि ते थांबलेलं तिला स्वतःलाच दिसलं. “रायपूर,” ती म्हणाली. हे उत्तर तिने इतक्यांना दिलं होतं की न पाहिलेलं रायपूर तिला आता आठवायलाही लागलं होतं: एक लांबच लांब फलाट, बाहेर रिक्षावाल्यांची झुंबड, एक पिवळी कमान. ती कमान खरी आहे की नाही देव जाणे. “माहा भाचा हाय तिकडं, मिलमधी,” दुर्पताबाई खूश होऊन म्हणाली, तशी रीता लगबगीने वाकली आणि चंचलच्या मनगटावरची चिकटपट्टी दाबू लागली. पट्टी चांगली घट्ट होती. पण पुढचा प्रश्न ‘रायपुरात कुठं’ असा येतो आणि त्याचं उत्तर अजून तिच्याजवळ तयार नव्हतं. चंचल डोळे मिटून पडली होती. सातवा महिना, अंगात ताप, पाय दुखतात म्हणून नवेगाव बांधाहून सकाळच्या बसने आईबरोबर आलेली. बाहेर मे महिना पेटला होता. खिडकीतला कूलर घरघरत होता आणि वॉर्डभर त्याच्या वाळ्याचा कुबट वास भरून राहिला होता.

रीताचं खरं गाव लारकाना. सिंधमधलं, सरहद्दीपलीकडचं. तिथल्या सरकारी इस्पितळातला बायकांचा वॉर्ड तिच्या हातात होता. नवे डॉक्टरसुद्धा राउंडला आधी तिच्या तोंडाकडे पाहायचे. मग एके दिवशी नवऱ्याने, गुलशनने, दुकान विकून टाकलं आणि का म्हणून विचारलं तर एवढंच म्हणाला, की आपल्या लोकांत जाऊ. आपले लोक म्हणजे गोंदियाच्या सिंधी कॉलनीतले त्याचे काका, ज्यांना तिने फक्त लग्नाच्या फोटोत पाहिलं होतं. स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं तेव्हा भातगिरण्यांचा वास आला, उकड्या तांदळाचा आणि कोंड्याचा. लारकान्यालाही हाच वास होता. तिला वाटलं, म्हणजे जमेल. वासावर विश्वास ठेवणाऱ्या माणसाचं होतं तेच तिचं झालं. नर्स म्हणून नोंदणी करायला गेली तेव्हा मुंबईच्या नर्सिंग कौन्सिलमधली बाई सभ्य होती, तिने पाणीसुद्धा विचारलं. तुमच्या तिकडच्या कौन्सिलने थेट आम्हाला कळवायला हवं, म्हणाली, आणल्या कागदांवर आम्हाला काही करता येत नाही. तिकडून आधी उत्तर येईना, मग दोन देशांमधलं टपालच बंद पडलं. नागरिकत्वाचा अर्ज कुठल्याशा टेबलावर होता. तळ्यात ना मळ्यात अशी ती उभी राहिली, आणि काकांच्या ओळखीने या खाजगी दवाखान्यात लागली ती मावशी म्हणून. मावशी म्हणजे निळा कोट, लादी पुसायची, भांडं द्यायचं, बाळंतिणीचे कपडे डेटॉलात बुडवायचे. पहिल्या दिवशी फडकं पिळताना तिने आपल्या हातांकडे पाहिलं, आणि ते खाली मान घालून काम करत होते, बाकी काही नाही. तिला त्यांचा रागही आला नाही. राग यायला अंगात जरा ऊब लागते.

रायपूरची युक्ती गुलशनची. गेल्या साली काश्मीरमध्ये फिरायला गेलेली माणसं मारली गेली आणि टीव्हीवर सांगू लागले की तिकडच्यांनी परत जावं. तिच्यासारख्या लांब मुदतीच्या व्हिसावाल्यांना ते लागू नव्हतं; पोलीस कचेरीतल्या माणसाने दोघांना पंख्याखाली बसवून हे नीट समजावलंही. पण समजूत डोक्यात राहते आणि भीती अंगात. “कम बोल,” गुलशन म्हणाला, “तेरी बोली से ही पकड़ में आती है.” तेव्हापासून तिने तोंडाला कुलूप घातलं. हो, नाही, उठा, बसा, दुखतं, आणि गाव विचारलं की रायपूर. एवढ्यात दिवस निघतो हे तिला नवलाचं वाटे. विशेष म्हणजे प्रश्न विचारणं तिने पार सोडून दिलं. प्रश्न विचारला की माणूस तोंडाकडे बघतो, आणि उलटा प्रश्न करतो. लारकान्याला बाई खाटेवर टेकायच्या आधी तिचे सवाल सुरू व्हायचे: आधी काय झालं होतं, घरात कोणाला काय आहे, कशाने वाढतं, कशाने उतरतं. शिकाऊ मुलींना ती सांगायची, हात नंतर लावा, आधी विचारा. त्या मुली आता कुठे असतील, आणि तिच्याबद्दल काय बोलत असतील, हे मनात आलं की ती लादी दुसऱ्यांदा पुसायला घ्यायची.

चेतना सिस्टरला सगळं ठाऊक होतं. बिरसीकडची पोवाराची पोर, जिभेने फटकळ, मनाने साफ. एकदा एका अशक्त बाईची शीर तिला काही केल्या मिळेना, तेव्हा मागे उभ्या असलेल्या रीताने न बोलता सुई हातातून घेतली आणि घातली. चेतनाने तिच्याकडे पाहिलं, दार लोटून घेतलं आणि म्हणाली, “हे कोणाले सांगू नको. पण मले बोलावत जा.” तिथून त्यांची रीत पडली. दवाखान्यात सिस्टर कमी, खाटा जास्त. सुई रीता लावायची, इंजेक्शन रीता भरायची आणि सही चेतनाची. डॉक्टर मॅडमना हे कळत नव्हतं असं नाही. त्या पाहायच्या आणि दुसरीकडे पाहायच्या. जे चालतं ते चालू द्यावं असा गोंदियाचा एकूण कारभार आहे. रीताला त्या सहीचं काही वाटत नसे. कातडीखाली शीर सापडते तो क्षण तेवढा तिचा असायचा. तेवढ्यापुरती ती कुठलीच नसायची, ना इकडची ना तिकडची. पण सुई काढून कापूस दाबला की लगेच मनात यायचं, आज काही झालं नाही. उद्या झालं तर? झालं तर चेतनाची नोकरी जाईल आणि आपण... आपलं काय जाईल याला तिच्याजवळ शब्द नव्हता. नोकरी, घर, देश, हे सगळं एकाच गाठोड्यात होतं आणि गाठ कोणाच्या तरी हातात होती.

दुपारी मॅडम आणि चेतना एका अडलेल्या बाईचं पोट उघडायला आत गेल्या. जाता जाता चेतना म्हणाली, “नवेगाववालीकडे लक्ष ठेव, सलाईन संपली की सांग.” एवढंच. मावशीला याहून जास्त कोणी सांगत नाही. चंचलचा ताप मात्र चढायला लागला. कपाळावर हात ठेवला तो चटका बसला; तोंड सुकलेलं, डोळे अर्धवट. दुर्पताबाई म्हणाली, “सिस्टर, पाहा ना वो, पोरगी कशी करून राहिली.” आणि त्या सिस्टर म्हणण्याने रीताच्या आत काहीतरी सरळ झालं. सकाळपासून ही बाई तिला सिस्टर म्हणत होती. निळा कोट कोणाचा आणि पांढरा कोणाचा हे तिला माहीत नव्हतं, आणि रीताने तिला सांगितलं नव्हतं. रीताला आता लारकान्याचा जून आठवला. वीटभट्टीवरच्या बाया, भाताच्या रोपणीवरच्या बाया, गाढवगाडीत आडव्या घालून आणलेल्या, अंग तापलेल्या तव्यासारखं, कोणी बडबडतेय, कोणी आकडी आलेली. तिथे डॉक्टरची वाट बघायची नसते. बर्फ, ओली चादर, समोर पंखा. बर्फाची लादी पोत्यात घालून फोडायची, चादर बुडवायची, मानेपासून पायापर्यंत टाकायची, ती तापली की दुसरी. अशा किती जणी तिने परत आणल्या होत्या. तिथे हे हाताला विचारावं लागत नाही, हातच पुढे जातो. तिने दुर्पताबाईला पैसे दिले आणि खालच्या रसवंतीवरून बर्फ आणायला सांगितला.

दुर्पताबाई दारात घुटमळली. पैसे मुठीत, एक पाय उंबऱ्याबाहेर, तोंड जरा उघडलेलं. पोरीकडे पाहिलं, रीताकडे पाहिलं. रीताला ते दिसलं. काहीतरी विचारावं असं वाटलंही, काय वो बाई, असं नुसतं. ओठांपर्यंत आलंही असेल. पण ओठांची विचारायची सवय गेल्या वर्षभरात मोडली होती. “जा, लवकर,” ती म्हणाली. दुर्पताबाई गेली.

चादर टाकली तेव्हा चंचलने मोठा श्वास घेतला आणि रीताला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. इतक्या दिवसांत तिला असं बरं वाटलं नव्हतं. तिने कूलरचं तोंड खाटेकडे वळवलं. बर्फाचे खडे फडक्यात बांधून काखेत ठेवले, आणि दुर्पताबाईला पावलं ओली करायला सांगितलं. दोघी दोन बाजूंनी काम करत होत्या. पाणी खाली ठिबकत होतं, नंतर पुसायचं ते आपल्यालाच, हेही तिच्या मनात आलं आणि त्याचं काही वाटलं नाही. ताप उतरायला लागला. मग चंचलला हुडहुडी भरली. भरते, तिला ठाऊक होतं, ताप उतरताना भरतेच. मग चंचल म्हणाली, “मांड्या मोडून राहिल्या, माय.” दुर्पताबाईने हात आखडता घेतला आणि पुन्हा रीताकडे पाहिलं. तापात अंग दुखतंच, रीताने मनात म्हटलं. तिने दुसरी चादर बुडवली. पोरीचं ओरडणं वाढत गेलं, मांड्या, मग पाठ, मग दोन्ही दंड. एखाद्या कळा येणाऱ्या बाईसारखं नव्हे, कोणी हाडं पिळतंय असं. रीताने पोटावर हात ठेवला, पोट मऊ होतं. कळा नव्हत्या. तिच्या हातांना एकाएकी पुढे काही सुचेना. हे तिने कधी पाहिलेलं नव्हतं. इतक्या वर्षांत, इतक्या बायकांत, हे दुखणं तिच्या वॉर्डात कधी आलंच नव्हतं, आणि आता चंचल छाती धरून अर्धे अर्धे श्वास घेत होती, ओठांचा रंग बदलत होता, आणि बाहेर कुठल्याशा गिरणीचा भोंगा वाजत होता.

ओरडणं ऐकून मॅडम हातमोज्यांतच बाहेर आल्या. त्यांनी चादर पाहिली, बर्फ पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. “सिकलची पेशंट आहे ही,” त्या म्हणाल्या. त्या ओरडल्या नाहीत, तेच वाईट होतं. “हिला गार कोणी केलं?” रीताला तो आजार पुस्तकातून आठवला, एका पानावरचं चित्र, कोयत्यासारख्या वाकलेल्या रक्तपेशी, परीक्षेपुरतं पाठ केलेलं. आपल्याकडे नसतो, शिकवणारी बाई म्हणाली होती, पुढे चला. इथे मात्र घराघरात होता. गार लागलं की रक्त घट्ट होतं, शिरा तुंबतात, हाडं ओरडतात, छाती भरते. इथलं शेंबडं पोरही हे जाणतं. इथल्या प्रत्येक सिस्टरला ते पहिल्या दिवशी ठाऊक असतं आणि म्हणून ते कोणी कोणाला सांगत नाही. रीताने तोंड उघडलं. मॅडम दुर्पताबाईकडे वळल्या होत्या. “बाई, सिकलचं कार्ड आहे ना तुमच्याकडे? गावात सांगितलं नव्हतं?”

“सांगतलं होतं जी.”

“मग?”

दुर्पताबाईने मान खाली घातली. कचेरीत, दवाखान्यात, जंगलखात्याच्या नाक्यावर ती घालत आली असेल तशीच. “चुकलं जी,” ती म्हणाली.

झालं. प्रश्न मिटला. मॅडम ऑक्सिजनकडे धावल्या, कोरड्या चादरी आल्या, कूलर बंद झाला. मागून आलेल्या चेतनाने रीताकडे एकदाच पाहिलं आणि तिला सगळं कळलं. मग तिने नजर काढून घेतली, कारण वॉर्ड तिच्या नावावर होता आणि मावशीच्या हाती सोडून ती आत गेली होती. रीता चंचलचे पाय पुसत राहिली. बोलावं, हे तिला दर क्षणी वाटत होतं, आणि प्रत्येक क्षणाला ते एक क्षण उशिराचं होत होतं. आता बोललं तर इतका वेळ का नाही बोललीस, असं विचारतील. मग कोण तू, विचारतील. मग गाव. तिला आपली लाज वाटली, आणि लाजेच्या बुडाशी सुटल्याचा एक थेंब होता, त्याची तर तिला किळस आली.

इथल्या आयसीयूत खाट नव्हती. नागपूरला फोन झाला. मॅडमना हलता येत नव्हतं, आत नुकतंच पोट शिवलेली बाई होती; चेतनालाही नाही. “रीता, तू जा हिच्यासोबत,” मॅडम म्हणाल्या, “अॅम्ब्युलन्समध्ये सिस्टर लागते. चेतना, तुझा कोट दे हिला.” चेतनाने स्वतःच्या हाताने तिला पांढरा कोट चढवला, बटणं लावली, कॉलर नीट केली. तो तिला खांद्यात जरा घट्ट होता. तीन वर्षं ज्याच्यासाठी ती खेटे घालत होती ते असं, कोणी न विचारता, अंगावर आलं. “फोन करत राहा,” चेतना हळूच म्हणाली, आणि मग आणखी हळू, “मले माफ कर.”

ड्रायव्हर शालीकराम भोंगा लावून निघाला. तिरोड्याचा रस्ता उन्हाने पांढरा पडला होता, दोन्ही बाजूंना कापून पडलेली धानाची बांधी, भेगाळलेली खाचरं. परवानगीवाचून जिल्हा ओलांडायचा नाही, असं काकांनी बजावून ठेवलं होतं. नियम खरोखर काय होता हे कोणालाच धड ठाऊक नव्हतं, पण भीतीला नियम लागत नाही. पुढे कुठेतरी जिल्ह्याची हद्द होती; एक पाटी असेल, स्वागत करणारी. रीता मास्क धरून बसली होती. मास्कच्या आत वाफ येत होती, जात होती, आणि मध्ये येईना की रीताही श्वास रोखून बसत होती. चंचल आता ओरडत नव्हती. ओरडत होती तेव्हा बरं होतं.

“सिस्टर,” दुर्पताबाई म्हणाली, “तुमी मले येक शब्द नाई बोलल्या. ते डॉक्टरीनबाई बोलली, ते बोलनारच. तुमी नाई बोलल्या.” ती पोरीच्या पावलांवर आपला पदर गुंडाळत होती. “तुमी चांगल्या हा.”

“बर्फ मी सांगितला,” रीता म्हणाली. तिचं मराठी तुटत होतं आणि तिने ते तुटू दिलं. “चादर मी लावली. तुम्ही नाही. मी.”

दुर्पताबाईने मान हलवली, लहान मुलाचं ऐकून घ्यावं तशी. “तुमाले कोन सांगनार होतं वो? मले मालूम होतं. गावच्या आशाताईनं दहादा सांगतलं, पोरीले गार नाई लागू द्याचं. पावसात नाई जाऊ द्याचं, तलावाच्या पान्यात नाई. मी घरी तिले माठातलं पानी नाई देत. आन् माह्याच हातानं बर्फ आनला.”

“मग सांगितलं का नाही?” रीता म्हणाली. किती तरी दिवसांनी तिने कोणाला काही विचारलं होतं. “दारात उभ्या होत्या तुम्ही. मी पाहिलं. काऊन नाही बोलल्या?”

“तुमी करून राहिल्या होत्या ना,” दुर्पताबाई म्हणाली. तिला प्रश्नच समजला नव्हता. “सिस्टरले जास्त मालूम राहते. मी काय बोलू?”

गाडीने खड्डा घेतला. सलाईनची बाटली हुकाला आपटली. रीताने एका हाताने ती धरली. दुसरा मास्कवर होता. तिला वाटलं, आता सगळंच सांगावं: लारकाना, वॉर्ड, कौन्सिल, रायपूर कसं ते पाहिलंही नाही. या बाईला, जिने जंगलाच्या पट्ट्याबाहेर नागपूरही पाहिलं नसेल, तिला सगळं सांगून टाकावं आणि मग काय व्हायचं ते होवो. पण एवढं सगळं कुठून काढायचं? जे अगदी वर होतं तेच निघालं.

“मी सिस्टर नाही,” ती म्हणाली. “इथं नाही. मी मावशी आहे. भांडी देते, लादी पुसते. हा कोट दुसरीचा आहे.”

दुर्पताबाई कोटाकडे पाहत राहिली. मग मास्कवरच्या हाताकडे, मग पोरीच्या तोंडाकडे. तिला कळलं, या वेळी तिला पूर्ण कळलं, रीताने ते तिच्या डोळ्यांत खाली उतरताना पाहिलं. शालीकरामच्या पाठीमागची काच बंद होती. मागे तिघी होत्या, आणि त्यांतली एक मोजून श्वास घेत होती.

“असं बोलू नोका वो,” दुर्पताबाई अगदी हळू म्हणाली, आणि हात जोडले. “नागपूर येतपर्यंत तरी असं बोलू नोका. गाडीत दुसरं कोन हाय?”

रीताने चंचलच्या मानेशी बोटं टेकवली. नाडी लागत होती, पण फार बारीक आणि फार पुढे पळत होती. भंडारा अजून यायचा होता, नागपूर त्याच्याही पुढे.